चाळणीला नाही कसं म्हणायचं

सदर इसम मानसशास्त्र विभागात तांत्रिक सहाय्यक (संगणक व अनुषंगिक कामे) या पदावर कायमस्वरूपी कार्यरत असून, संगणकाधारित प्रयोगांच्या आज्ञावल्या सिद्ध करणे, दृश्य उद्दीपकांचे सहभागी व्यक्तींमध्ये यादृच्छिक वाटप करणे व वरिष्ठ वेळोवेळी नेमून देतील ती इतर कर्तव्ये पार पाडणे ही त्याची जबाबदारी होय. बांधा मध्यम. केस असतील तेथे काळे. ओळखीची खूण: शर्टाच्या खिशात कायम स्क्रू-ड्रायव्हर. वर्तणूक समाधानकारक.

म्हणजे तो चित्रं पिसायचा.

पत्ते पिसतात तशीच. सध्याचा प्रयोग म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीचा होता. घरगुती वस्तूंच्या फोटोंचा एक गठ्ठा. त्यातला अर्धा माणसाला पडद्यावर दाखवायचा, मग थोडा वेळ त्याच्याकडून आकडेमोड करून घ्यायची, आणि मग अख्खा गठ्ठा दाखवून एकेका फोटोला विचारायचं, हा मघाशी दिसला होता का? दिसला असेल तर हिरवं बटण, नसेल तर लाल. कोणता अर्धा गठ्ठा आधी दाखवायचा, ते प्रत्येक माणसागणिक संगणक नव्याने ठरवी. नाहीतर सगळ्यांना किटलीच दाखवली आणि सगळ्यांना ती आठवली, तर माणसांची स्मरणशक्ती चांगली की किटली देखणी, हे कळणार कसं?

नोकरीच्या सुरुवातीला एकदा पडद्यावर एकापाठोपाठ तीन छत्र्या आल्या. ते काही बरं दिसेना, म्हणून त्याने एक छत्री हाताने उचलून पुढे नेऊन ठेवली. विभागप्रमुख मॅडमना ते कळलं. "तुम्ही हात लावलात की ती सोडत राहत नाही," त्या म्हणाल्या, "तुमची आवड होते." हे त्याला इतकं पटलं की तेव्हापासून कोणी रांग मोडली तरी तो सोडतीवर व्याख्यान देई. विभागात त्याला सोडतवाले म्हणत. घरीही भांडी कोणी घासायची याच्या तो चिठ्ठ्या टाकी. चिठ्ठी बहुतेक वेळा बायकोची निघे आणि तो हात जोडून म्हणे, निव्वळ योगायोग.

फोटोही त्याचेच. विकतच्या फोटोंना मालक असतात आणि मालकांना अटी असतात, म्हणून त्याने घरातल्या वस्तू पांढऱ्या चादरीवर मांडून टिपल्या होत्या. "किसणी गेली विद्यापीठात," बायको म्हणाली होती. "आपण राहिलो."

त्याच्या घरात आईही होती, आणि गेले काही महिने आई गप्प होती. एरवी टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यांचंही ती बोलणं दुरुस्त करी. पण मावशीने, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीने, एके दिवशी पोटच्या मुलाला दारात उभं करून "कोण हवंय?" असं विचारलं. त्यानंतर पंधरवड्यात आईचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. कोणी काही बोललं नाही. आईही बोलली नाही, आणि काळजी वाटावी ती याचीच.

एका रविवारी मात्र ती म्हणाली, "मला बसव तुझ्या त्या मशीनपुढे."

"अगं, ते एकेका माणसाबद्दल काही सांगत नाही. पुष्कळ लोक बसवतात आणि सरासरी काढतात."

"मग त्या पुष्कळांत मला बसव."

"बसवा हो," आतून बायको म्हणाली. "आई रोज सकाळी मला विचारतात, काल भाजी कोणती होती. मलाच आठवत नाही."

मॅडमनी परवानगी दिली. चाचणी म्हणून बसू देत, आकडे धरायचे नाहीत. तिथेच त्याचं पाऊल घसरलं. आकडे धरायचे नाहीत म्हटल्यावर, त्याच्या मनाने हिशेब केला, कोणाचं काय जाणार आहे? आज्ञावलीत त्याने एक ओळ घातली. सहभागी जर आई असेल, तर सोडत नाही. तिची किटली, शिवणाचा डबा, बाबांचा दाढीचा आरसा, असं तिच्या जिवाभावाचं सगळं पहिल्या अर्ध्यात. दुसऱ्या अर्ध्यात नळाचे वायसर, प्लग, कुलूप, चाळणी. जिवाभावाचं आठवेल, बाकीचं अनोळखी वाटेल, आई पास. गिऱ्हाईकाच्या बाजूनं का होईना, तराजूच्या काट्याला बोट लावणं ते लावणंच, हे त्याला कळत होतं. पण ओळ लिहून झाली होती.

ठरल्या दिवशी आई ठेवणीतले कपडे घालून आली. प्रयोगाची खोली म्हणजे खिडकीला काळा पडदा, एक टेबल, एक खुर्ची. त्याने सूचना दोनदा समजावल्या. "कळलं," आई म्हणाली. "मी काही बहिरी नाही."

ती बाहेर आल्यावर त्याने निकाल उघडला. एकूण एक फोटोला हिरवं. दाखवलेल्यालाही हिरवं, न दाखवलेल्यालाही हिरवं. सूत्रात घातलं तर स्मरणशक्ती शून्य. पास करायचं तर सोडाच, त्याची ओळसुद्धा तिला वाचवू शकली नव्हती.

आई मॅडमच्या खोलीत निवांत बसली होती. "सोपं होतं," ती म्हणाली.

"आई, तू सगळ्यालाच हिरवं दाबलंस."

"मग?"

"मघाशी पडद्यावर दिसलं असेल, त्यालाच हिरवं. नाहीतर लाल. सांगितलं होतं ना?"

"ते कळलं मला. पण चाळणी समोर आली. मघाशी नव्हती ती, ठाऊक आहे मला. माझ्या लग्नापासूनची चाळणी. तिला तोंडावर सांगू, की बाई, मी तुला पाहिली नाही?"

"आणि बाकीच्यांना?"

"एकदा चाळणीला हो म्हटल्यावर वायसरला नाही कसं म्हणायचं? तेही घरचेच." मग ती मॅडमकडे वळली. "तसं काही अवघड नव्हतं हो. पहिल्या फेरीत यानं आमचं चांगलंचुंगलं मांडलंय, पाहुणे आले की मांडतात तसं. आणि नंतर मध्ये मध्ये भंगार घातलंय. चाळणीलासुद्धा भंगारात टाकलंय, ते मला आवडलं नाही."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "सोडतवाले?"

"हो."

"सोडत काढली होती का?"

"नाही."

मॅडमना हसू आवरायला पाण्याचा घोट घ्यावा लागला. त्याला मात्र हसू येईना. आठवण शाबूत आहे की नाही, याचं आईला उत्तर मिळालं नव्हतं. तिच्या शब्दाखेरीज हाताशी काही नव्हतं, आणि मावशीही विसरायला लागली त्या पहिल्या वर्षी असंच खणखणीत बोलायची.

तोडगा मॅडमनीच काढला. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या वस्तूंचे फोटो त्यांनी पाठवले. आईने त्या जन्मात पाहिलेल्या नव्हत्या, त्यामुळे भीड पडायचं कारण नव्हतं. त्याने ती ओळ खोडली. पुढच्या आठवड्यात आई पुन्हा बसली, आणि सोडतीने त्याच्यावर सूड उगवला. चार चमचे, दिसायला सख्खे भाऊ, दोन दाखवलेल्यांत गेले आणि दोन न दाखवलेल्यांत. शेजारच्या पडद्यावर ते पाहून त्याचे हात शिवशिवले. त्याने ते खिशात घातले. खिशात बसून ते काही शहाणे झाले नाहीत, पण गप्प राहिले.

या वेळी हिरवंही होतं आणि लालही.

"म्हणजे चुकले का मी?" आईने विचारलं.

"काही ठिकाणी चुकलात," मॅडम म्हणाल्या. "चमच्यांत जास्त."

"तुमच्याकडे माझ्या वयाचे येतात, ते?"

"तेही चमच्यांतच चुकतात. साधारण तुमच्याइतकेच. पण एका माणसाच्या आकड्यावरून आम्ही काही म्हणत नाही हं. मनात शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा."

"शंका कशाची? सगळं बरोबर आलं असतं तर आली असती." आईने मुलाकडे बोट केलं. "म्हटलं असतं, यानं परत काहीतरी मांडामांड केली." मग उठता उठता ती म्हणाली, "तुमच्या पातेल्याचं बूड मात्र घासायला झालंय, बाई. फोटोत दिसतं."

जिन्यात तिने त्याचा हात धरला नाही. फाटकापाशी पोचेपर्यंत काल रात्रीच्या बातम्या देणाऱ्या मुलीचे उच्चार कुठे कुठे चुकले ते तिने त्याला क्रमाने सांगितलं, आणि तो ऐकत चालला. इतकं सुखाचं व्याख्यान त्याने बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने नियमाप्रमाणे नोंद केली: चाचणी सहभागी, कर्मचाऱ्याची निकटची नातेवाईक, उद्दीपकांचे वाटप यादृच्छिक, कामगिरी वयोगटास अनुरूप, निष्कर्षांसाठी ग्राह्य धरू नये.

आई चाचणीच्या दिवशी घरी येऊन जेवली आणि दिवेलागणीपर्यंत घोरत पडली होती.