दशमीचा कोहळा

महानवमी, दुपार. आयुधपूजेसाठी स्वयंपाकघरातली हत्यारं घासायला काढली आहेत. सुऱ्या, किसणी, मिक्सरची पाती आणि वन्संची विळी. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, म्हैसूरच्या कडेला हिनकलला राहायच्या. मार्गशीर्षात गेल्या आणि त्यांची विळी माझ्याकडे आली. माझ्या नव्या सुऱ्यांपेक्षा तिला धार जास्त आहे, हेसुद्धा मला फारसं आवडलेलं नाही.

सणासुदीला कमी पैशांत भरपूर खाऊ घालावं ते वन्संनीच. दसऱ्यात आमच्या म्हैसूरला नारळाचे भाव चढतात. आम्ही कुरकुरत घेतो. वन्संनी त्या नऊ दिवसांत नारळ विकत घेतलेला मी कधी पाहिला नाही. घरोघर दसऱ्याच्या बाहुल्या मांडलेल्या असतात, संध्याकाळी हळदीकुंकवाचं बोलावणं येतं, निघताना हातात विडा आणि नारळ मिळतो. मी दोन घरं करून पाय दुखतात म्हणून परत यायची. वन्सं एकही बोलावणं चुकवायच्या नाहीत. कापडी पिशवी घेऊन निघायच्या, प्रत्येक घरी बाहुल्या नीट बघायच्या, त्या घरच्या म्हातारीची चौकशी करायच्या आणि भरल्या पिशवीने परतायच्या. त्यातले निम्मे नारळ त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांना जायचे, निम्मे वाटणात.

एकदा मी टोमणा मारलाच. "वन्सं, देवीपेक्षा तुमचीच ओटी जास्त भरते."

त्या हसल्या. "देवी पायी फिरते का गं? मी फिरते."



त्यांचं खरं राज्य विजयादशमीचं. त्या दिवशी सगळं कुटुंब हिनकलला जेवायला. मिरवणुकीमुळे शहरात गर्दी असते, म्हणून तिकडे सोयीचं, असं सगळे म्हणायचे. सोय कसली! ओढ होती ती मज्जिगे हुळीची. ताकात शिजलेला कोहळा, ओल्या खोबऱ्याचं आणि हिरव्या मिरचीचं वाटण, वरून कढीपत्त्याची फोडणी. सोबत भात आणि पापड. बस. नऊ दिवस गोड आणि तळलेलं खाऊन कंटाळलेली माणसं त्यावर तुटून पडायची. आणि तो कोहळा जवळजवळ फुकट! नवमीला लोक गाड्यांपुढे, दुकानांपुढे कोहळे फोडतात, त्यामुळे आदल्या दोन दिवसांत त्यांना सोन्याचा भाव. दशमीला सकाळी तेच विक्रेते उरलेल्या ढिगापाशी जांभया देत बसलेले असतात. वन्सं तेव्हा जायच्या. "नवमीला फोडायचा, दशमीला खायचा," म्हणायच्या. "सण सरला की बाजाराला अक्कल येते."

मला ते जेवण माझ्या घरी हवं होतं. वीस वर्षं हवं होतं. एका वर्षी मी सगळ्यांना सांगूनच टाकलं, यंदा सरस्वतीपुरमला, माझ्याकडे. बदामाचा हलवा केला, होळिगे म्हणजे पुरणपोळ्या केल्या, पुलाव केला. मज्जिगे हुळीही करणार होते, वन्संच्यापेक्षा चांगली. त्यासाठी अष्टमीलाच बाजारातून चांगला टपोरा कोहळा चढ्या भावाने आणून जिन्याखाली ठेवला. नवमीला संध्याकाळी बाहेर धप्प आवाज झाला. जाऊन बघते तर आमच्या ह्यांनी तोच कोहळा कुंकू भरून स्कूटरपुढे फोडलेला.

"अहो, तो खायचा होता!"

"मला काय ठाऊक? नवमीला घरात कोहळा म्हणजे फोडायचाच ना?"

दुसऱ्या दिवशी वन्सं बसने आल्या, मांडीवर मोठा स्टीलचा डबा घेऊन. "अय्यो, सुम्ने, आपली उगीच आणली थोडी. तुझ्याकडे असेलच." माझ्याकडे नव्हती. डबा पाच मिनिटांत चाटूनपुसून झाला. हलवा चार दिवस आम्हीच खात होतो. त्या कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट हलव्याची तारीफ केली. बोलल्या असत्या तर मला भांडता तरी आलं असतं. पुढच्या वर्षी पंगत मुकाट्याने हिनकलला परत गेली.

यंदा हिनकलचं घर बंद आहे. उद्या सगळे माझ्याकडे येणार आहेत. हवं होतं ते मिळालं. सकाळी लेकीचा बेंगळूरहून फोन. "आई, मज्जिगे हुळी करशील ना? आत्याच्यासारखी?"

"करीन," म्हटलं. 

मघाशी ह्यांनी विचारलं, "कोहळा आणून ठेवू का आजच? उद्या नाही मिळाला तर?"

"आणू नका," मी म्हटलं. "आणि आणलाच, तर हात लावू नका."

विळी पुसून, गंध लावून पूजेत ठेवली. आता उद्यापर्यंत ती वापरायची नाही.

दशमीला सकाळी सहाच्या बसने हिनकलला गेले. हुणसूर रस्त्याच्या कडेला कोहळ्यांचा ढीग होता, शेजारी पोतं अंथरून विक्रेता. माझ्या हातातली वन्संची कापडी पिशवी त्याने ओळखली. "अक्का बरलिल्वा?" अक्का आल्या नाहीत का?

"इल्ला," मी म्हटलं. नाही आल्या.

त्याने ढिगामागून एक वेगळा ठेवलेला कोहळा काढला, देठासकट, पांढरी भुकटी न पुसलेली. "अक्कांसाठी ठेवला होता. त्यांना दहा रुपये. तुम्हाला वीस."

वन्सं गेल्या एवढं सांगितलं असतं, तर त्याने दहालाच दिला असता, कदाचित फुकटही. पण मला तो त्यांच्या नावावर नको होता. मी खाली बसले, कोहळा वाजवून पाहिला, देठ सुकलाय म्हटलं, त्याच्या आईची चौकशी केली. पंधरावर आला. पैसे दिले आणि पुढच्या वर्षी माझ्यासाठी एक वेगळा ठेवायला सांगितलं.