आधी वासरू, मग गिऱ्हाईक

वैशाखरे गावाच्या अलीकडे दूधवाल्या काकांचा घरचा गोठा होता. गाईंना खत-फवारणी न केलेला चारा मिळे आणि गिऱ्हाइकांना पिशवीच्या दुधाविरुद्धचं भाषण. ते ऐकावंच लागे, कारण वासरू पोटभर प्यायल्याशिवाय काका धार काढत नसत. किटली भरली की मी भाषण अर्धवट टाकून पळायचो.

"दुधाला गाईचा वास येतो हो," मी एकदा कुरकुरलो.

"मग काय माजा वास यायला पायजे?"

त्यांची बायको म्हणायची, "डेरी कसली, वासरांची खानावळ काढलीय यांनी!"

माझं दूध ठरलेलं, तांबडीचं. एकदा तिचं वासरू आजारी पडलं, आचळाला तोंडच लावेना. त्या दिवसांत माझी किटली काठोकाठ भरे, पण भाषण बंद. ते नुसते खाली मान घालून दूध ओतत.

मग एका सकाळी ते रिकामी चरवी नाचवत बाहेर आले. "आज तुमाला थेंब नाय! पठ्ठ्यानं सगळं ओढलं!"

आणि पिशवीच्या दुधावर पुन्हा सुरू झाले. रिकामी किटली धरून मी ते भाषण पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.