माझ्या नावाची लिंक

मी गाडीतून उतरले आणि शेठच्या पोरानं ड्रायव्हरला हाक मारली, "अरे, सीट पोंछ ले." मी अजून दारापाशीच उभी होते. अंगावर त्यांनीच दिलेली साडी, गळ्यात त्यांचीच खोटी चेन. तीही काढून घेतली.

गोंदियात त्यांची राइस मिल. मिलच्या वर पोराचं ऑफिस. बारावी झाले आणि सौंदडहून तिथं कामाला जायला लागले. कामाचं नाव मोठं, ॲफिलिएट मार्केटिंग. म्हणजे काय, तर मोबाईलवरच्या कॅसिनोची लिंक लोकांना पाठवायची. लिंकवर माझं नाव. तिच्यावरून कुणी आलं आणि हरलं, की त्या हरण्यातला वाटा शेठच्या पोराला. चिमूटभर मला.

शाळेत माझ्या बोलीला हसायचे. इथं तीच हवी होती. शेठचा पोरगा म्हणाला, "अपनी भाषा में बोल. चेहरा भी अच्छा है तेरा, गरीब दिखता है. गरीब गरीब पे ही भरोसा करता है."

त्यांच्या गाडीत बसून मी व्हिडिओत बोलले, "मी जिंकून राहिली. तुमी बी या." आयुष्यात एक रुपया जिंकले नव्हते. पण पहिला पगार होणार होता. गिळलं सगळं.

त्याच आठवड्यात मावशी घरी आली. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, जंगलात विडीचा तेंदूपत्ता तोडून. माझा व्हिडिओ आमच्या वस्तीत, साऱ्या टोल्याला दाखवत फिरली होती. आल्या आल्या मोबाईल पुढं केला. "माह्या मोबाईलात बी तुही लिंक टाकून दे वो. तेंदूपत्त्याचे पैसे आले हायेत."

मी नको म्हटलं. तिचं तोंड उतरलं.

"काऊन वो? कारमंदी बसली तं मावशी नाई पायजे आता?"

लागलं. फार लागलं. तिला वाचवायचं तर ते सांगावं लागणार होतं, जे कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सांगितलं. गाडी त्यांची. चेन खोटी. जिंकणं खोटं. मी उतरल्यावर त्यांनी सीट पुसली.

मावशीनं मोबाईल खाली ठेवला. मग एवढंच म्हणाली, "तू बसली व्हती तेच पुसली?"

आम्ही दोघी रडलो. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

मग तिथंच अंगणात, जमिनीवर बसून मी दुसरा व्हिडिओ केला. "ते गाडी माही नव्हती. मी काई जिंकली नाई. मी उतरली अन् त्याईनं सीट पुसली. तुमी हारता तवाच त्याईले पैसे भेटते. येऊ नका." ज्याला ज्याला लिंक गेली होती, त्याला त्याला पाठवला.

शेठच्या पोराचा फोन आला. "डिलीट कर. तुम लोगों को गाड़ी में बिठाना ही गलती थी."

"नाई करत," म्हटलं.

पगार मिळाला नाही. टोल्यातले काही जण अजून मला पाहून हसतात. हसोत. पुन्हा कुणी लिंक पाठवली की मी माझा व्हिडिओ पाठवणार. माझ्या नावानं, माझ्या बोलीत. सीट पुसल्याचं दर वेळी सांगणार.