अश्विनीला 'नाही' म्हणता येईना...

गेल्या मंगळवारी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी इथं धाराशिवला माझ्या क्लासमध्ये आणि अश्विनी पुण्यात परीक्षेला... जर्मनच्या बी-वन लेव्हलची तोंडी, तीही दुसऱ्यांदा.

अश्विनी माझी विद्यार्थिनी, जळकोटची. नर्सिंग झालंय, जर्मनीतल्या एका हॉस्पिटलनं नोकरी कबूल केलीय. पण महिनाअखेर सर्टिफिकेट पोचलं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. लेखी, वाचन, ऐकणं सगळं पहिल्या फटक्यात पास, गाडी अडली ती बोलण्यात.

त्या तोंडीत दोघांनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो, सहलीचा म्हणा, वाढदिवसाचा म्हणा. एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं ते खोडायचं, कारण सांगायचं. मागच्या वेळी हिच्या जोडीला पन्नाशीचे एक गृहस्थ आले. ते बोलतील त्याला ही मान डोलावत 'हो, हो'... संपली परीक्षा!

मी चिडलेच. येतं ना तुला सगळं? तर खाली बघत म्हणते, "येतंय ओ मॅडम. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?"

इतकी वर्षं शिकवतेय, शब्द पाठ करून घेतले, उच्चार घोटून घेतले... ही गोष्ट कधी डोक्यातच आली नव्हती.

मग मी आमच्या आण्णांना कामाला लावलं. आण्णा म्हणजे माझे वडील. सत्तरी ओलांडलेली, पांढऱ्या मिशा, जर्मनचा गंध नाही. रोज संध्याकाळी ते मराठीत काहीतरी अचाट सुचवणार आणि अश्विनीनं जर्मनमध्ये नकार द्यायचा.

पहिल्या दिवशी आण्णा म्हणाले, भर मे महिन्यात दुपारी दोनला परंड्याचा किल्ला बघायला जाऊ. ही बया 'हो' म्हणाली! वर निघताना वाकून नमस्कारही केला. आण्णांनी कपाळावर हात मारला, "अगं, भांड की माझ्याशी! गोड बोलून पास व्हायला हे काय लग्न जमवायचंय व्हय?"

आठवडा गेला तेव्हा कुठं पहिलं 'नाही' निघालं. तेही पुटपुटल्यासारखं, आणि लगेच मराठीत "माफ करा आण्णा". पुढं कारणंही नीट द्यायला लागली, पण ती माफी काही सुटेना. पुण्याला जायच्या आदल्या दिवसापर्यंत तेच...

मंगळवारी अकराची वेळ होती. बारा वाजले, एक वाजला, फोन नाही. समोर नवी बॅच बसलेली आणि मी फळ्यावर एकच वाक्य तीनदा लिहिलं. आण्णा दारात येरझाऱ्या घालत होते आणि मलाच सांगत होते, काळजी करू नको म्हणून.

दीडला फोन वाजला. "मॅडम, ह्या वेळी पण जोडीला मोठेच होते ओ. केस पांढरे." मी खडू खाली ठेवला. "दोनदा न्हाय म्हणाले त्यांना... माफी मागायची राहून गेली."

मी फोनवरच रडायला लागले. तरी निकालापर्यंत धाकधूक होतीच म्हणा...

काल निकाल लागला. पास! संध्याकाळी पेढे घेऊन आली. मी आनंदाच्या भरात हुकूमच सोडला, पुढची लेव्हलही माझ्याकडेच करायची, उद्यापासून ये.

तिची मान या वेळी खाली गेली नाही. मग म्हणाली, नाही मॅडम, मला तसं वाटत नाही... आता महिनाभर आईजवळ राहायचंय, पुढचं तिकडं जाऊन माणसांत बोलत शिकेन. सगळं जर्मनमध्ये, कारणासकट, एकही चूक न करता.

खरं सांगू? लागलं जरासं. माझ्या क्लासात आजवर मला कुणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं, आणि मी समजत होते, किती छान शिकवते मी! आण्णा पेढा चघळत मिशीत हसत होते.

मग वाटलं, उद्या तिकडं वॉर्डात एखादा पिकल्या केसांचा डॉक्टर चुकत असेल, तर ही पोरगी पेशंटसाठी तोंड उघडेल. आणखी काय शिकवायचं असतं?

अश्विनी, माझीही माफी मागितली नाहीस... लई बरं केलंस गं.