पवनचक्कीतलं पीठ

चमत्काराच्या बातम्या माझ्याकडे नेहमी येतात. कुठे मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी, कुठे ओसाड विहिरीतून हाका. इंदूरच्या एका हिंदी दैनिकात मी देवास आणि धार जिल्ह्यांची पानं पाहतो. अशी बातमी आली की मी एकच प्रश्न विचारून ती परत पाठवतो – हे स्वतः कोणी पाहिलं? बहुतेक वेळा कोणीच पाहिलेलं नसतं. खाली लिहितोय ते मी स्वतः पाहिलं आहे. याहून मोठा दावा मी करत नाही.

आम्ही देवासचे. धाकटी बहीण वसुधा कन्नोदला दिली होती. तिचे यजमान शरदराव तिथे शाळेत शिक्षक होते. एका सोमवती अमावस्येला ते स्नानासाठी नेमावरला गेले. घाटावर कपडे, चष्मा आणि चपला सापडल्या. माणूस सापडला नाही. नर्मदेत गोताखोर उतरले, होड्या फिरल्या... काही हाती लागलं नाही.

शव मिळालं नाही तर आमच्याकडे बारा वर्षं वाट पाहतात. मग पळसाच्या काड्यांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. त्याला पालाशविधी म्हणतात. वसुधा देवासला माहेरी परतली होती; बारा वर्षं उलटून गेली तरी ती विधीला तयार होईना. कुंकू, मंगळसूत्र सगळं तसंच होतं. दरम्यान तिचा मुलगा रोहित नोकरीनिमित्त नेदरलँड्सला गेला आणि त्याचं लग्न धार जिल्ह्यातल्या मनावर गावच्या एका मराठी घरात ठरत आलं. मुलीच्या वडिलांनी रास्त प्रश्न विचारला – पत्रिकेत व्याह्यांच्या नावामागे काय लावायचं?

"काही लावू नका," वसुधा म्हणाली. "ते आहेत."

लग्न तिथेच अडलं. गेल्या वर्षी मी तिला घेऊन रोहितकडे गेलो, तो तिला राजी करायलाच. देवासात हा विषय काढला की ती देवीच्या टेकडीवर दर्शनाला निघून जायची. परदेशात कुठे जाणार?

एका रविवारी रोहितनं एस्केप रूमचं बुकिंग केलं. हा खेळ असा की तुम्हाला घरात कोंडतात आणि कोडी सोडवत, किल्ल्या शोधत बाहेर पडायचं. सहसा तासाभराचा असतो. हा पाच तासांचा होता, उट्रेख्तजवळच्या एका खेड्यात, जुन्या पवनचक्कीत आणि तिला लागून असलेल्या घरात.

"मामासाहेब, पाच घंटे लागतात, पण बोर नाही होणार," रोहित म्हणाला. "नाटकासारखं आहे. आपण सगळे त्या घरातलेच लोक."

"पैसे देऊन कोंडून घ्यायचं?" वसुधा त्याला इंदुरी थाटात म्हणाली. "भिया, देवासात ये, फुकट कोंडते तुला."

सकाळी दहाला आत गेलो. आम्हाला जुन्या पद्धतीचे कोट आणि वसुधाला साडीवरून एक जाड शाल दिली. घरकामवालीची भूमिका करणारी एक वयस्क नटी आम्हाला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि तिनं इंग्रजीत कथा सांगितली. या चक्कीचा मालक एका सकाळी बाहेर पडला आणि परतला नाही. तुम्ही त्याचं कुटुंब. त्याचं काय झालं ते शोधा, मगच दार उघडेल.

रोहितचा चेहरा उतरला. कथा आधी सांगत नाहीत, नुसतं 'एक कुटुंब आणि एक चक्की' एवढंच त्यानं वाचलं होतं. "आई, आपण जाऊ या," तो म्हणाला.

"कशाला? पैसे परत देणारेत का?" तिनं विचारलं. "चल, शोधू या."

नटीनं टेबलावर तेलाचा दिवा लावला आणि पिठानं भरलेली एक उथळ लाकडी परात ठेवली. समोर मालकाची रिकामी खुर्ची होती. कोडं सोपं होतं. पिठात किल्ली दडवलेली होती आणि चाळण भिंतीवर टांगलेली होती. कोणीही चाळण उचलली असती.

वसुधानं परात खुर्चीसमोर ओढली. तळहातानं पीठ एकसारखं केलं. दिवा परातीशेजारी सरकवला. कोपऱ्यातली वेताची टोपली आणून पिठावर पालथी घातली.

आमच्याकडे माणूस गेला की घरात दिवा ठेवतात, आणि दहाव्या दिवशी पीठ पसरून त्यावर टोपली झाकतात. नंतर उघडून पाहतात. पक्ष्याचा पंजा दिसेल, खूर दिसेल. काही उमटलं म्हणजे जीव पुढे गेला. वसुधानं हे सासूच्या वेळी केलं होतं. नवऱ्यासाठी ती कधी करणार नव्हती, त्यावरूनच तर सगळं भांडण होतं.

"आई, हे काय करतेस? चाबी आहे त्यात!" रोहित म्हणाला.

"हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, हात आपोआप गेला रे. तरी आता राहू दे."

नटीही गोंधळली होती. तिनं आम्हाला चक्कीच्या वरच्या मजल्यांकडे नेलं. तिथे आणखी कोडी होती. ती सोडवण्यात तासभर गेला असेल. नटी पूर्ण वेळ आमच्याबरोबर होती. शेवटी किल्लीवाचून खेळ पुढे सरकेना आणि आम्ही खाली आलो.

टोपली रोहितनं उचलली.

पिठावर पाऊल होतं. पाची बोटं आणि चवडा, मोठ्या माणसाचा, उजव्या पायाचा. टाच नव्हती. बोटं दाराकडे होती. ठशातलं पीठ ओलसर होऊन घट्ट बसलं होतं.

"क्या बात है... भारी इफेक्ट आहे," रोहित हसून म्हणाला. मग आईकडे पाहून त्याचं हसू थांबलं.

वसुधानं वाकून ते पाऊल पाहिलं. मग शालीच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसलं, जसा घाम पुसावा तसं.

"सुटले," ती म्हणाली. "रोहित, मनावरला कळव. पत्रिकेत कैलासवासी लाव."

खेळ आम्ही अर्धवट सोडला. बाहेर मी तिथल्या व्यवस्थापक मुलीला विचारलं. पावलाची अशी कोणतीही युक्ती त्यांच्या खेळात नव्हती, पिठात फक्त किल्ली होती. मी परातीखाली हात घालून पाहिला – साधं जाड लाकूड. प्रत्येक खोलीत कॅमेरे होते. मी चित्रीकरण पाहायला मागितलं, आणि तिनं दाखवलं, कारण एव्हाना तिलाही पाहायचं होतं. वसुधानं टोपली ठेवल्यापासून रोहितनं ती उचलेपर्यंत स्वयंपाकघरात कोणी आलं नाही. टोपली हलली नाही. दिव्याची ज्योतसुद्धा सरळ होती.

परत येऊन मी कामावर रुजू झालो. आमच्या वार्ताहरांच्या ग्रुपवर अनोळखी शवांचे फोटो येतात. शरदराव गेल्यापासून नेमावर-खातेगांवचा प्रत्येक फोटो मी आधी पाहत आलो होतो. रजेतले राहिले होते, ते काढून बसलो.

नेमावरच्या घाटाच्या पायऱ्यांवर सापडलेला एक म्हातारा. दाढी छातीपर्यंत आलेली. डाव्या कानाची पाळी दुभंगलेली. शरदरावांची जन्मापासून तशीच होती.

मी खातेगांवच्या पोलीस ठाण्यात गेलो. अंत्यसंस्कार पोलिसांनीच उरकले होते, पण डीएनएसाठी नमुना राखून ठेवला होता. तो रोहितच्या नमुन्याशी जुळला. मृत्यू फुप्फुसाच्या आजारानं झाला होता. चौकशीत कळलं की हा माणूस कित्येक वर्षं समोरच्या काठावर, हंडियाच्या एका धर्मशाळेत राहत होता. झाडलोट करायचा, नाव सांगायचा नाही. तो काठ दुसऱ्या जिल्ह्यात, त्यामुळे तिथलं काहीच माझ्या पानावर येत नसे. आजार वाढल्यावर तो पूल ओलांडून अलीकडे आला आणि पायऱ्यांवर बसला तो उठलाच नाही.

तारखा मी दोनदा ताडून पाहिल्या. चक्कीतला तो रविवार त्यांच्या मृत्यूचा दहावा दिवस होता.

म्हणजे इतकी वर्षं वसुधा खरं बोलत होती. आमच्या आग्रहाखातर आधीच विधी झाला असता तर जिवंत माणसाचा पुतळा जाळला गेला असता. ते घर सोडून का गेले, मला कळलेलं नाही. परक्या देशातल्या एका खेळाच्या परातीत ते पाऊल कसं उमटलं, हेही नाही. मला सुचलेले सगळे खुलासे मी स्वतःच तपासून खोडले आहेत. कोणाला सुचला तर जरूर कळवावा.

वसुधाला मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. ती दर सोमवतीला नेमावरला जायची, दिवसभर घाटावर बसून संध्याकाळी नदीत दिवा सोडायची. एकही चुकवली नव्हती.

"दादा," तिनं विचारलं, "त्या धर्मशाळेतून अलीकडचा घाट दिसतो का रे?"

मी तिथे जाऊन उभा राहिलो होतो. साडीचा रंगसुद्धा कळतो.

"दिसतो," एवढंच मी म्हणालो.