वायनो केत्तुनेनचे धुवण

वायनो योहान्नेस केत्तुनेन. जन्म १९०८, मृत्यू १९८७. दोन्ही अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेस, लेहतोला या आमच्या फिनिश वसाहतींच्या गावी. व्यवसायाने लाकूडतोड्या, आणि हिवाळ्यात सापळे लावणारा. परंतु त्याची खरी हौस वेगळी होती. जनावराला सापळ्यापाशी ओढून आणणारे आमिष आणि गंध तो स्वतः घरी बनवीत असे, आणि घरीच तपासून पाहत असे. मी त्याचा शेजारी व गावच्या शाळेचा मुख्याध्यापक असल्यामुळे या तपासणीचा बराचसा भाग वाऱ्याच्या दिशेनुसार माझ्याही वाट्याला येई.

उन्हात कुजवलेल्या माशांचे तेल, बीव्हरच्या गंधग्रंथी, थोडी बडीशेप, थोडा मध आणि स्कंकच्या दुर्गंधाचा एखादा थेंब, अशा वस्तू तो बरण्यांतून मुरवत ठेवी. आवारात त्याने वाळूचे चौकोन आखले होते. प्रत्येकाच्या मध्यभागी गंधात बुडवलेली काडी रोवायची, वाळू फळीने सपाट करायची आणि सकाळी पावलांचे ठसे वाचायचे, हा त्याचा परिपाठ. पहिली चाचणी मात्र मुस्ती या कुत्र्याची असे. मुस्तीने हुंगून पाठ फिरवली, तर मिश्रण टाकून द्यायचे. तो खांदा घासून त्यात लोळला, तर ते उत्तम.

"आणि मग लोळलेलं कुत्रं घरात कोण घेणार?" त्याची पत्नी लेम्पी विचारी.

"घेऊ नकोस. मीही त्याच्याबरोबर बाहेर झोपतो."

"तुला तरी आत कोण बोलावतंय?"

१९५६ च्या शरद ऋतूत एक कोल्ही लेम्पीच्या कोंबड्या पळवू लागली. ही वयस्क मादी इतकी सावध होती, की वायनोच्या कोणत्याही चौकोनात तिने पाऊल टाकले नाही. लेम्पीची आवडती तुरेवाली कोंबडी गेली, त्या दिवशी तिने निर्वाणीचे सांगितले, "पहिला बर्फ पडायच्या आत कोल्ही धरलीस तर ठीक. नाहीतर तुझ्या सगळ्या बरण्या दलदलीत जातील. मास्तर, तुम्ही साक्षीदार."

मी साक्षीदार झालो. वायनोचा चेहरा उतरला. त्या बरण्यांत त्याच्या कित्येक उन्हाळ्यांची मेहनत होती. मासा वाढव, मध कमी कर, असे करता करता ऑक्टोबर सरत आला. अखेरीस वैतागून त्याने चांगल्या-वाईट सर्व बरण्यांतले थोडेथोडे काढून एकत्र केले, त्यातच पळ्या-भांडी कोमट पाण्याने विसळली आणि ते धुवण एका लाकडी बादलीत साठवले. बादली गोठू नये म्हणून ती सौनाच्या, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या लाकडी न्हाणीघराच्या, कोपऱ्यात ठेवली, वर वाफेत अंगावर झोडायची बर्चच्या डहाळ्यांची जुनी जुडी झाकली, आणि तो तिला साफ विसरला.

शनिवारी सौना तापली. गावात नव्याने आलेले पाद्री ओन्नी लाहतेला पाहुणे म्हणून आले होते. वायनो, पाद्रीबाबा आणि मी, तिघे वरच्या बाकावर बसलो. पाहुण्याने दगडांवर पहिले पाणी घालायचे, असा मान असतो. पाद्रीबाबांनी तांब्याची पळी उचलली, जुडी बाजूला सारली आणि जवळच्या बादलीतून भरभरून पाणी तापल्या दगडांवर ओतले.

जे वर आले त्याचे वर्णन शिष्टाचारात बसणारे नाही.

आता आमच्या लोकांचा स्वभाव सांगितला पाहिजे. सौनात देवळासारखे शांत बसावयाचे असते. आणि जो पहिल्यांदा उठून बाहेर पडेल, त्याची वसंत ऋतूपर्यंत टवाळी होते. त्यामुळे कोणीही उठले नाही. माझ्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या. वायनो समोरच्या भिंतीकडे एकटक पाहत होता.

बऱ्याच वेळाने पाद्रीबाबा अत्यंत अदबीने म्हणाले, "इथल्या पाण्यात गंधक असतं का?"

"थोडं असतं," वायनो म्हणाला.

"प्रकृतीला चांगलं असेल."

"फार चांगलं."

यावर यजमानांचा मान राखण्यासाठी पाद्रीबाबांनी दुसरी पळी ओतली.

नंतर आम्ही तिघे एकाच क्षणी उठलो, त्यामुळे पहिला कोण, हा प्रश्न उद्भवला नाही. अंगावर वस्त्र नसताना, पळी हातातच धरून, पाद्रीबाबा धक्क्यावरून थेट सरोवरात गेले. पाण्याच्या कडेला बर्फाची पापडी धरली होती. लेम्पी पायरीवर उभी राहून इतकी हसली, की तिला खांबाचा आधार घ्यावा लागला.

"पाद्रीबाबा, आमच्याकडे बाप्तिस्मा कपडे घालून देतात हो!"

सकाळी मात्र तीच मला हाक मारीत आली. सौनाभोवतीची वाळू ठशांनी भरून गेली होती. कोल्ही सौनाला प्रदक्षिणा घालून थेट उंबरठ्यावर आली होती, आणि चौकटीला खांदा घासून गेली होती. लाकडाच्या सालपटांत तिचे तांबूस केस अडकले होते.

"थंड ठेवून चूक केली," वायनो हळूच म्हणाला. "वाफवायला हवं होतं."

"मग वाफव," लेम्पी म्हणाली. "पण लवकर. आभाळ बघ."

त्याने उंबरठ्याशी सापळा पुरला आणि उरलेले धुवण पुन्हा दगडांवर ओतले. सोमवारी कोल्ही सापडली. मंगळवारी बर्फ पडला.

पुढे ठरले ते असे: जुनी सौना कायमची वायनोच्या बरण्यांना दिली गेली. किनाऱ्यालगत नवी बांधण्यात आली, आणि तिचे बाक पाद्रीबाबांनी स्वतः रंधा मारून दिले. कोल्हीच्या कातड्याची कॉलर लेम्पीच्या कोटाला लागली. ओलसर दिवशी देवळात तिच्या मागच्या रांगेत कोणी बसत नसे, आणि पाद्रीबाबा प्रवचन आटोपते घेत. वायनोच्या पश्चात बरण्या गावातल्या सापळेवाल्यांना वाटल्या गेल्या, आणि त्याविषयी कोणाचीही तक्रार नाही.

तांब्याची पळी तेवढी सरोवराच्या तळाशी आहे. पाद्रीबाबा दर उन्हाळ्यात बुडी मारून ती काढण्याचे वचन देतात. नवी पळी घेऊन ते दोनदा आले, पण लेम्पीने ती दारातूनच परत पाठवली. तिला तिचीच हवी आहे.