सुडाची मालकी

मी काम करते त्या वाचनालयात सुलभाताईंनी एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबरीचा अनुवाद टेबलावर आपटला. त्यांचा नवरा वर्षभर दुसऱ्या बाईकडे राहून, "झालं गेलं विसर" म्हणत नुकताच घरी परतला होता.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"फसवलेला नवरा पिस्तूल काढतो. फसवलेली बायको चर्चमध्ये जाऊन रडते. आपल्याकडे देवघरात रडते, एवढाच फरक."

म्हणजे तेव्हापासून सूडसुद्धा पुरुषांच्याच मालकीचा. जिला शिक्षा करायचा हक्कच नाही, तिच्या क्षमेला मी क्षमा म्हणत नाही. ती सक्ती आहे.

"मग तुम्ही माफ केलंत?"

"सकाळी तो कामावर गेल्यावर दाराचं कुलूप बदलून घेतलं. सहाला येईल. वाचनालय आठपर्यंत उघडं असतं ना?"